नानांच्या वहीतली सोळा आकडी संख्या: ०५८८२३५२९४११७६४७

मोजपट्टी, मिरज

नमस्कार. गणित येणाऱ्या मंडळींना विचारायचं आहे. मी शिवणक्लास चालवते, माझा आकड्यांशी संबंध मापापुरता. तेव्हा उत्तर जरा उलगडून द्या.

माझे वडील, नाना, सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. एकतीस वर्षं तिथली रोजकीर्द आणि खतावणी त्यांच्या हातची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर तळाशी लाल कापडी बांधणीची लांबट वही निघाली. मला वाटलं उधारीची असेल. उघडली तर आत रुपया-पैशाचा एक हिशेब नाही, पानंच्या पानं नुसती गणितं.

त्यातल्या एका जोडपानानं मला धरून ठेवलं आहे. पेन्सिलीनं आखलेली घरं, सोळा आडवी, सोळा उभी. एका घरात एकच आकडा. पहिल्या ओळीत ०५८८२३५२९४११७६४७. घरांच्या डोक्यावर बारीक अक्षरात उजवीकडून एकं, दहं, शतं, सहस्र असं लिहीत लिहीत पार जलधी, अंत्यपर्यंत गेलेत. लहानपणी आम्हाला झोपताना हेच म्हणायला लावायचे, परार्धापर्यंत. पहिलं शून्य अंत्याच्या घरात आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘पहिलं शून्य सोडू नये’.

दुसऱ्या ओळीत त्याची दुप्पट, तिसऱ्या ओळीत तिप्पट, असं सोळापर्यंत. खाली एक रेघ मारून सतरापट: सोळाच्या सोळा ९. त्याखाली दोन रेघा. ताळेबंद जुळला की नाना अशाच दोन रेघा मारायचे.

आता अडचण. लेकीनं लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये ही संख्या घातली. पहिलं शून्य आपोआप उडालं. दोननं गुणल्यावर उत्तर दिसलं ११७६४७०५८८२३५२९०. नानांच्या दुसऱ्या ओळीत आहे ११७६४७०५८८२३५२९४. तिसऱ्या ओळीत पण शेवटी तिथं ०, इथं १. लेक म्हणाली, आजोबांचा शेवटचा आकडा चुकला. मी रात्री हातानं गुणून पाहिलं. माझं नानांशी जुळतं. पण कॉम्प्युटर चुकेल असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी तीन गोष्टी विचारते.

एक, सगळ्या ओळींत तेच सोळा आकडे त्याच क्रमानं दिसतात, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. गजऱ्याचं टोक बदलावं तसं. हे असं का होतं?

दोन, समासात लिहिलंय: ‘५८८ चा वर्ग + २३५३ चा वर्ग = ५८८२३५३’. मी करून पाहिलं, ३४५७४४ आणि ५५३६६०९, बेरीज खरंच ५८८२३५३. पण याचा त्या संख्येशी काय संबंध?

तीन, प्रत्येक ओळीच्या शेवटी ७२ लिहिलंय, प्रत्येक उभ्या रांगेखाली पण ७२. ती आकड्यांची बेरीज आहे, एवढं कळलं. मात्र तळाच्या उजव्या कोपऱ्यात ४० आणि तळाच्या डाव्या कोपऱ्यात १०४ असं आहे, आणि दोन्हीभोवती गोल. पुढच्या पानावर वर ‘१९’ लिहून अठरा गुणिले अठराची घरं आखलीत आणि सगळी रिकामी आहेत. वहीत त्यानंतर काही नाही.

कळफलक

पहिल्या अडचणीपुरतं लिहितो. नानांचं बरोबर आहे.

स्प्रेडशीट कोणत्याही संख्येचे डावीकडून पंधराच अर्थपूर्ण अंक दाखवतं. सोळावा अंक आला की त्याच्या जागी शून्य टाकतं. तुमची मूळ संख्या सुरुवातीचं शून्य सोडलं तर पंधरा अंकी आहे, म्हणून ती नीट दिसली. दुप्पट सोळा अंकी झाली आणि शेवटचा ४ गेला. तिप्पट करताना १ गेला. रोजच्या कामात एवढ्या मोठ्या संख्या येत नाहीत म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण खात्याचे किंवा कार्डाचे सोळा अंकी क्रमांक तक्त्यात टाकणाऱ्यांना हा फटका बसलेला असतो. ते मजकूर म्हणून टाकायचे असतात, संख्या म्हणून नाही.

लेकीला सांगा, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून बघ. तिथं पूर्ण संख्यांना अंकांची अशी मर्यादा नाही. मी आत्ता सगळ्या सोळा ओळी काढल्या, शेवटची आहे ९४११७६४७०५८८२३५२. वहीशी ताडून पाहा.

मोजपट्टी, मिरज

ताडून पाहिली. अंकन्‌अंक तीच. लेकीला फोन करून सांगितलं. तीही गप्प झाली थोडा वेळ. मनापासून आभार.

फळा आणि खडू

ताई, मी नाशिकजवळ एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय. तुमचा प्रश्न वाचून कागद घेऊन बसलो. एकेक घेतो.

ही संख्या कुठून आली? १ ला १७ नं भागल्यावर. ज्याला आपण आवर्ती दशांश म्हणतो, त्यात परत परत येणारा गट म्हणजे तुमची पहिली ओळ: ०.०५८८२३५२९४११७६४७ आणि पुढे तेच. आता हा भागाकार पाटीवर करतो तसा करा आणि भागाकारापेक्षा बाकीकडे बघा. १ वर शून्य घेतलं, १०. त्यात १७ जात नाही, म्हणून ०, बाकी १०. परत शून्य, १००. सतरा पाचे पंच्याऐंशी, बाकी १५. मग १५०. सतरा आठे एकशे छत्तीस, बाकी १४. मग १४०, पुन्हा ८, बाकी ४. असं करत गेलं की बाक्या अशा येतात:

१, १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२ आणि मग परत १.

१७ नं भागताना शून्य सोडून सोळाच बाक्या शक्य आहेत. इथं त्या सोळाही आल्या, एकही राहिली नाही. तुमच्या गजऱ्याचं उत्तर यातच आहे. १५ ला १७ नं भागायचं असेल तर नवीन काही करावंच लागत नाही. वरच्या रांगेत १५ ही बाकी कुठे आहे? तिसरी. मग तिथून पुढचे आकडे वाचत जा: ८८२३५२९४११७६४७०५. ही नानांची पंधरावी ओळ. सगळ्या बाक्या एकाच फेऱ्यात बसल्या म्हणून सगळ्या ओळी एकाच माळेच्या.

हे प्रत्येक संख्येचं होत नाही. १३ घ्या. बाक्या येतात १, १०, ९, १२, ३, ४ आणि लगेच परत १. सहातच फेरा संपला. २ ही बाकी त्यात नाहीच. म्हणून तिथं दोन वेगळ्या माळा होतात, ०७६९२३ आणि १५३८४६. शंभरच्या आत ज्या मूळ संख्यांचा फेरा पूर्ण होतो त्या ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? एमिल आर्टिन या गणितींनी १९२७ मध्ये त्याबद्दल अंदाज मांडला, तो अजून कुणाला पूर्णपणे सिद्ध करता आलेला नाही. दहावीच्या मुलाला प्रश्न समजतो आणि जगातल्या मोठ्या गणितींना उत्तर सापडत नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

‘पहिलं शून्य सोडू नये’ याला मी शंभरपैकी शंभर देईन. ७ चा गट १४२८५७, त्यात पुढे शून्य लागत नाही. १० पेक्षा मोठी कुठलीही अशी मूळ संख्या घेतली की गटाची सुरुवात शून्यानंच होते, कारण १० मध्ये ती जात नाही. ते शून्य टाकून दिलं तर माळेतला एक मणी गळला. मग दहापट केल्यावर शेवटी येणारं ० कुठून आलं ते कळणारच नाही. अंत्याचं घर रिकामं न सोडता त्यात शून्य लिहिलं, म्हणजे नानांना हे नेमकं दिसलं होतं.

आता ७२. बाक्यांची रांग मधोमध तोडा. पहिल्या आठ: १, १०, १५, १४, ४, ६, ९, ५. दुसऱ्या आठ: १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२. वरखाली लिहा आणि बेरीज करा. प्रत्येक वेळी १७. आता संख्येचेही दोन तुकडे करा, ०५८८२३५२ आणि ९४११७६४७. वरखाली ० आणि ९, ५ आणि ४, ८ आणि १, ८ आणि १. प्रत्येक जोडी ९ ची. आठ जोड्या, आठ नव्वे बहात्तर. आडव्या ओळीत सगळीकडे तेच आकडे, म्हणून सगळीकडे ७२. उभ्या रांगेत का? एखादं घर धरा. सोळा ओळींत माळ सोळा वेगवेगळ्या जागांहून सुरू होते, तेव्हा त्या घराखालून माळेतला प्रत्येक मणी एकेकदा जातो. तिथंही ७२.

कोपऱ्यातल्या ४० आणि १०४ वर रात्री लिहितो, शाळेची वेळ झाली.

वर्गमूळ, पुणे

५८८ आणि २३५३ हा भाग मी घेतो, कारण तो वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

आधी ५८८२३५३ कुठे आहे ते पाहू. तुमच्या संख्येचा पहिला अर्धा भाग ०५८८२३५२. त्यात एक मिळवला की ५८८२३५३. आणि ५८८२३५३ ला १७ नं गुणलं की दहा कोटी एक, १०००००००१. ही ५८८२३५३ मूळ संख्या आहे. तुमची अख्खी पहिली ओळ म्हणजे ५८८२३५३ × ९९९९९९९९. हातानं पडताळायला सोपं: ५८८२३५३ पुढे आठ शून्यं मांडा आणि त्यातून ५८८२३५३ वजा करा. ५८८२३५२९४११७६४७ येईल. पूर्ण अवयव हवे असतील तर ९ × ११ × ७३ × १०१ × १३७ × ५८८२३५३.

आता वर्गांचं. ५८८ ला १७ नं गुणा: ९९९६, म्हणजे दहा हजाराला ४ कमी. २३५३ ला १७ नं गुणा: ४०००१, म्हणजे चाळीस हजार एक. हे दोन आकडे लक्षात ठेवा, सगळं यांतच आहे.

५८८२३५३ म्हणजे ५८८ दहा हजार आणि वर २३५३. सतरापट करा: पहिल्या भागाचे ९९९६००००, दुसऱ्याचे ४०००१. पहिल्यात चाळीस हजार कमी पडत होते, दुसऱ्यानं चाळीस हजार आणून दिले आणि वर एक. बेरीज दहा कोटी एक.

दुसऱ्या बाजूनं, ५८८² + २३५३² ला १७ नं गुणायचं. १७ स्वतः ४² + १² आहे. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं की उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येते, ही रीत ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ या सूत्रातून निघते. त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त इसवी सन ६२८ चा. तिरका गुणाकार करा:

४ × २३५३ + १ × ५८८ = ९४१२ + ५८८ = १००००
४ × ५८८ − १ × २३५३ = २३५२ − २३५३ = −१

दहा हजाराचा वर्ग दहा कोटी, उणे एकाचा वर्ग एक. पुन्हा दहा कोटी एक. दोन्ही वाटा एकाच घरी पोचतात, म्हणून संख्या मधून तोडून दोन्ही तुकड्यांचे वर्ग मिळवले की तीच संख्या परत येते.

चिन्हं उलटी घेतली तर आणखी एक जोडी मिळते, ८८२४² + ४७०५², तीही दहा कोटी एक. म्हणजे दहा कोटी एक ही दोन वर्गांची बेरीज दोन प्रकारे होते, आणि दोन्ही प्रकार १७ आणि ५८८२३५३ यांच्या पोटातून आलेत.

लहान संख्यांत अशी गंमत सापडणं सोपं आहे: १२² + ३३² = १२३३, ८८² + ३३² = ८८३३. सात अंकांत, तेही १७ च्या भागाकारातून निघालेल्या संख्येत, कागद-पेन्सिलीनं हे ज्यांना दिसलं त्यांचं आकड्यांशी किती जवळचं नातं असेल. ताई, समासातल्या त्या ओळीचा नीट प्रकाशात फोटो काढून ठेवा. पेन्सिल उडत जाते.

नाशिकरोड लोकल

देवळालीचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक. १९८६ मध्ये गेले. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगभर नाव झालं, पण मला त्यांच्या दुसऱ्या एका प्रकारच्या संख्या जास्त आवडतात, ज्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, तोडा, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. आणि फळा-खडू सरांनी सांगितलेली १४२८५७ पण त्यातलीच: वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

तेव्हा माझ्या मनात आलं, १७ ची संख्याही कापरेकर संख्या असेल का. पाहिलं, नाही. कारण असं की १४२८५७ ला ७ नं भागलं तर बाकी १ राहते, आणि ही बाकी १ असणं गरजेचं आहे. ५८८२३५२९४११७६४७ ला १७ नं भागलं तर बाकी राहते ८. इथं मी निराश होऊन सोडणार होतो. मग लक्षात आलं की माळ फिरवता येते. आठाला कितीनं गुणलं की १७ ला बाकी १ राहील? आठ पंधरा वीसासे, एकशे वीस, १७ सत्ते एकशे एकोणीस, बाकी १. म्हणजे पंधरावी ओळ.

८८२३५२९४११७६४७०५ चा वर्ग:
७७८५४६७१२८०२७६८०१०३८०६२२८३७३७०२५

बत्तीस अंक. मधोमध तोडा, सोळा आणि सोळा:
७७८५४६७१२८०२७६८० + १०३८०६२२८३७३७०२५ = ८८२३५२९४११७६४७०५

ताई, तुमच्या नानांच्या सोळा ओळींतली ही एकच ओळ कापरेकर संख्या आहे. बाकी कुठल्याच ओळीला १७ नं भागून १ उरत नाही. कापरेकरांकडे ना कॉम्प्युटर होता ना मोठ्या विद्यापीठातली जागा. शाळा सुटल्यावर करायचं ते काम. तुमच्या वडिलांनी दुकान बंद झाल्यावर केलं. मला हे दोघं एका बाकावर बसलेले दिसतात.

फळा आणि खडू

नाशिकरोड लोकल, पंधरावी ओळ मी उद्या फळ्यावर मांडणार आहे. पोरांना बेरीज करायला लावतो.

ताई, आता ४० आणि १०४. तुम्ही सांगितलं की ते आकडे कोपऱ्यात आहेत, म्हणजे त्या कर्णांच्या बेरजा आहेत. तिरकं जायचं: पहिल्या ओळीतलं पहिलं घर, दुसऱ्या ओळीतलं दुसरं, असं सोळाव्यापर्यंत. मी केलं:

०, १, ६, २, १, १, ७, ३, ४, १, २, १, ९, ०, ०, २. बेरीज ४०.

दुसऱ्या बाजूचा कर्ण १०४. दोन्हींची बेरीज १४४, म्हणजे ७२ ची दुप्पट, आणि ते तसं होणं भागच आहे. पहिली ओळ आणि सोळावी ओळ वरखाली ठेवा, प्रत्येक घरात बेरीज ९. दुसरी आणि पंधरावी, तसंच. त्यामुळे एका कर्णावरच्या प्रत्येक घराचा ९ पूर्ण करणारा जोडीदार दुसऱ्या कर्णावर बसलेला असतो. सोळा जोड्या, १४४. एकीकडे ४० आले की दुसरीकडे १०४ येणारच.

नाना काय शोधत होते ते मला इथं दिसतं. आडवं ७२, उभं ७२. तिरकंही ७२ आलं असतं तर तो पूर्ण जादूचा चौरस झाला असता. १७ ला ते जमत नाही. म्हणून त्यांनी दोन्ही आकड्यांना गोल केलं आणि पान उलटून १९ ची घरं आखली.

मी पुढचं सांगणार नाही. ती घरं तुम्ही भरा. गुणाकाराची गरज नाही, १९ ला फार सोपी युक्ती आहे. पहिल्या ओळीच्या सगळ्यात उजव्या घरात १ लिहा. त्याच्या डावीकडे दुप्पट, २. मग ४, मग ८. मग १६: ६ लिहा, हातचा १. सहाची दुप्पट बारा आणि हातचा एक, तेरा: ३ लिहा, हातचा १. तिनाची दुप्पट सहा आणि एक, ७. असं अठरा घरं भरा. या माळेतला शेवटचा मणी उचलून पुढे ठेवला की संख्या बरोबर दुप्पट होते, म्हणून ही युक्ती चालते. (१७ ला पण चालते, पण तिथं दुपटीऐवजी बारापट करावी लागते. उजवीकडून ७, बारा साते चौऱ्याऐंशी, ४ लिहा हातचे ८. बारा चोक अठ्ठेचाळीस आणि आठ, छप्पन्न.)

पहिली ओळ झाली की बाकीच्या ओळी म्हणजे तीच माळ. कुठली ओळ कुठून सुरू होते हे पाहायला १९ च्या भागाकाराच्या बाक्या काढून घ्या.

वर्गमूळ, पुणे

सर, तुम्ही सांगितलं नाहीत ते फार चांगलं केलंत. मीही बोलत नाही.

मोजपट्टी, मिरज

चार दिवसांनी लिहितेय. क्लासमध्ये लग्नाचे ब्लाऊज होते, वेळ मिळत नव्हता.

नानांच्या वहीत लिहायला हात धजेना. आधी कापडाच्या कटिंगचा तपकिरी कागद असतो त्यावर अठरा गुणिले अठरा घरं आखली, दोन बोटं रुंदीची. सरांनी सांगितलं तसं उजवीकडून सुरू केलं. १, २, ४, ८, ६, ३, ७, ४, ९, ८, ७, ५, १, ३, ६, २, ५, ०. शेवटचं शून्य अगदी डावीकडच्या घरात पडलं आणि हातचा एक उरला. त्या एकाची मला भीती वाटली, मग कळलं की पुढचं घर असतं तर परत १ पासून सुरुवात झाली असती. फेरा पूर्ण झाला होता. ०५२६३१५७८९४७३६८४२१.

ओळी भरायला दोन रात्री गेल्या. आडव्या बेरजा ८१. नऊ जोड्या, नऊ नव्वे एक्क्याऐंशी, हे आता मला कुणी सांगायला नको. उभ्या रांगा ८१.

मग कर्ण. पहिल्यांदा केला तर ८६ आला. मी कागद गुंडाळून ठेवला. वाटलं, १९ ला पण जमत नाही, नानांनी म्हणूनच पान रिकामं सोडलं असेल. सकाळी चहाच्या वेळी परत उलगडला आणि मोजपट्टी तिरकी ठेवून एकेक घर बघितलं. दहाव्या ओळीत माझी चूक होती. ५२६३१५७८९४७३६८४२१० या ओळीतलं दहावं घर घ्यायचं, तर मी नववं घेतलं होतं. ९ च्या जागी ४ पाहिजे. पाच जास्त धरले होते.

०, ०, ७, ५, ५, ९, ०, ३, ०, ४, २, ८, ७, ५, ६, ७, ५, ८. बेरीज ८१.

दुसरा कर्ण केला. ८१.

मी तिथंच मशीनसमोर बसून राहिले. मुली क्लासला आल्या तेव्हा चहा गार झालेला होता.

काल रात्री लेक पुण्याहून आली. दोघींनी मिळून नानांच्या वहीतली घरं भरली, त्यांच्याच पेन्सिलीनं, ती ट्रंकेतच वहीला दोऱ्यानं बांधलेली होती. आकडे तिनं वाचले, मी लिहिले. तिचं अक्षर सुंदर आहे, पण माझा ७ नानांसारखा येतो, म्हणून मी. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत ८१ लिहिलं. खाली अठरा ९ मांडले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.